फाइल संपली हे सर्व्हरला कोण सांगते? : अपलोडचा प्रवाह वाचण्याचा इतिहास

कोरमंगलातल्या स्टार्टअपमध्ये नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना सुरुवातीच्या कामांत ‘फाइल अपलोडचा एपीआय लिहा’ हे काम बहुधा मिळतेच. ग्राहकाच्या पॅन कार्डाचा फोटो, दुकानदाराची मालाची यादी, रुग्णाचा रिपोर्ट, असे काहीही असू शकते. एक्सप्रेस असो, जँगो असो की स्प्रिंग, चार-सहा ओळींत काम होते आणि फाइल एका फोल्डरमध्ये येऊन पडते. असा प्रकल्प घेऊन विद्यार्थी तोंडी परीक्षेला येतात, तेव्हा एक प्रश्न विचारून पाहावा: फाइल संपली हे तुमच्या सर्व्हरला कोणी सांगितले? बहुतेकांचे उत्तर असते, ‘रीड शून्य देते, तेव्हा फाइल संपली.’

डिस्कवरच्या फाइलसाठी हे उत्तर बरोबर आहे. तिची लांबी ऑपरेटिंग सिस्टिमला आधीपासून माहीत असते; शेवट आला की ती तसे कळवते. नेटवर्कवरून येणाऱ्या डेटाला मात्र असा उपजत शेवट नसतो. तिथे ‘रीड शून्य देते’ याचा अर्थ एवढाच की पलीकडच्या बाजूने आपले पाठवणे बंद केले. काम पूर्ण झाले म्हणून बंद केले, की मधेच प्रोग्राम कोसळला म्हणून झाले, हे त्या शून्यावरून कळत नाही. फाइलचा शेवट कुठे मानायचा हे दोन्ही बाजूंना आपसात ठरवावे लागते. हा करार गेल्या पन्नासेक वर्षांत वेगवेगळ्या प्रकारांनी झाला, आणि प्रत्येक कराराची किंमत कुणी ना कुणी मोजली. या टिपणात तोच इतिहास पाहू. आज लायब्ररीच्या आत जे झाकलेले आहे, ते का आहे हे त्याशिवाय समजत नाही.

एफटीपीचा करार

फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचा पहिला लेखी प्रोटोकॉल एका भारतीयाने लिहिला, हे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले अभय भूषण एमआयटीत असताना १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांचा आरएफसी ११४ प्रसिद्ध झाला. विषय होता फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल, म्हणजे एफटीपी. तेव्हा टीसीपी जन्मालाही आला नव्हता. अर्पानेट जुन्या प्रोटोकॉलवर चालत होते.

पुढे एफटीपी टीसीपीवर आला आणि १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये त्याला आज ओळखतो ते रूप मिळाले. त्यात आज्ञांसाठी एक जोडणी आणि डेटासाठी दुसरी. साध्या ‘स्ट्रीम’ पद्धतीत फाइल संपल्याची खूण कोणती? तर डेटाची जोडणी बंद करणे. एका जोडणीवर एकच फाइल जाणार असेल तर हे सोपे आणि स्वस्त आहे. पण वर म्हटल्याप्रमाणे, जोडणी बंद होणे आणि तुटणे यांतला फरक वाचणाऱ्याला नीट कळत नाही. अर्धवट उतरलेली आणि तरीही पूर्ण वाटणारी फाइल ज्यांनी एफटीपीच्या काळात पाहिली असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

टीसीपीने काय दिले, काय दिले नाही

सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ ने टीसीपीची व्याख्या केली आणि १९८३ मध्ये बर्कलेच्या ४.२ बीएसडी युनिक्सने सॉकेट दिले. सॉकेट हाताळणे फाइल हाताळण्यासारखेच ठेवले गेले: उघडा, वाचा, लिहा, बंद करा. युनिक्सच्या विचाराला हे शोभणारे होते, आणि माझ्या मते आजवरच्या अर्ध्या गैरसमजांचे मूळही इथेच आहे. दोन्हीकडे ‘रीड’ हाच शब्द, म्हणून वागणूकही तीच असेल असे वाटते.

टीसीपी हमी देतो ती क्रमाची आणि पोचण्याची. जे बाइट ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने ते मिळतील, मधले गळणार नाहीत. ते किती तुकड्यांत मिळतील याची हमी तो देत नाही. पाठवणाऱ्याने १०,००० बाइट एका दमात लिहिले, तरी वाचणाऱ्याला आधी १,४६०, मग २,९२०, मग उरलेले, असे काहीही मिळू शकते. नळाखाली वीस लिटरची बादली ठेवली म्हणून वीस लिटर पाणी लगेच येत नाही. नळाला जेवढे आले तेवढेच पडते. ‘रीड’ला आपण दिलेला आकडा हा बादलीचा आकार असतो. पाणी किती आले हे ‘रीड’ने परत दिलेल्या आकड्यावरून पाहायचे, आणि हवे तेवढे होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचे. म्हणून अपलोड वाचणाऱ्या कोडमध्ये लूप लागतेच.

ही चूक प्रयोगशाळेत पकडली का जात नाही, तेही पाहा. क्लायंट आणि सर्व्हर एकाच लॅपटॉपवर असतील तर डेटा लूपबॅकवरून जातो. लिनक्सवर लूपबॅकच्या एका पॅकेटची मर्यादा ६५,५३६ बाइट असते. चाचणीची चिमुकली फाइल एका ‘रीड’मध्ये सगळी मिळून जाते. खऱ्या इथरनेटवर ती मर्यादा १,५०० आहे आणि शीर्षके वजा जाता साधारण १,४६० बाइट उरतात. लूप नसलेला कोड म्हणून लॅपटॉपवर चालतो, डेमोत चालतो आणि ग्राहकाच्या मोबाइलवरून फोटो आला की अर्धा फोटो साठवतो. वरचा अर्धा भाग नीट आणि खाली राखाडी पट्टा असा फोटो पाहिला, तर आधी संशय इथे घ्यावा.

वेब येते: लांबी की खूण?

सुरुवातीच्या वेबवर सर्व्हरकडे काही पाठवायची सोयच नव्हती, फक्त पान मागायचे. नंतर फॉर्म आले, आणि १९९३ मध्ये एनसीएसएच्या सर्व्हरसोबत सीजीआय आले. त्यात सर्व्हर तुमचा प्रोग्राम सुरू करी, येणाऱ्या मजकुराची लांबी ‘कंटेंट लेन्थ’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवी आणि मजकूर स्टँडर्ड इनपुटवर देई. सीजीआयच्या दस्तऐवजात एक बारीक वाक्य होते: तेवढे बाइट दिल्यावर फाइल संपल्याची खूण पाठवायला सर्व्हर बांधील नाही. ज्यांनी ते वाचले नाही त्यांचे प्रोग्राम शेवटाची वाट पाहत अडकून राहत. म्हणजे करार बदलला होता. एफटीपीत जोडणी बंद होणे ही खूण होती, इथे आधी सांगितलेली लांबी.

पण फॉर्ममधला मजकूर ज्या पद्धतीने भरून जाई, ती फाइलसाठी निरुपयोगी होती. चित्रातला जवळजवळ प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि दोन अंक असा तीन अक्षरांत लिहावा लागे, म्हणजे आकार जवळपास तिप्पट. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्सचे अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी आरएफसी १८६७ मध्ये यावर उपाय सुचवला. वेब पानावर ‘फाइल निवडा’ हे बटण ज्यामुळे आले, तो हा दस्तऐवज. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते. ९.६ केबीपीएसच्या डायल-अपवर १०० केबीचे चित्र चढवायला दीडेक मिनिट लागावे, असा तो काळ.

नेबेल आणि मॅसिंटर यांनी नवे काही शोधण्याऐवजी ईमेलमधली पद्धत उचलली. नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये माइमचे मानक प्रसिद्ध केले होते. आज आपण ईमेलला जोडपत्र लावतो ते त्यामुळेच. एकाच पत्रात अनेक भाग कसे घालायचे? तर एक अशी ओळ निवडायची जी कुठल्याच भागात येणार नाही, आणि ती दोन भागांच्या मध्ये टाकायची. हिला बाउंडरी म्हणतात. शेवटच्या भागानंतर त्याच ओळीच्या शेवटी आणखी दोन डॅश. शेतांच्या मध्ये बांध असतो तसे. प्रत्येक शेत किती गुंठ्यांचे हे कुठे लिहिलेले नसते. बांध लागला की शेत संपले.

हा निर्णय मला इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वळणबिंदू वाटतो. पाठवणाऱ्याचे काम सोपे झाले. प्रत्येक भागाची लांबी आधी जाहीर करायची गरज राहिली नाही. वाचणाऱ्याचे मात्र अवघड झाले. संपूर्ण मजकुराची लांबी शीर्षकात असते, पण त्यातल्या फाइलची लांबी कुठेच नसते. सर्व्हरला येणाऱ्या प्रत्येक बाइटमध्ये बांध शोधत जावे लागते. आणि टीसीपी तुकड्यांत देतो, हे आपण पाहिलेच. समजा बाउंडरी ४० बाइटची आहे. पहिल्या ‘रीड’च्या शेवटी तिचे २५ बाइट आले आणि उरलेले १५ पुढच्या ‘रीड’मध्ये. प्रत्येक तुकड्यात वेगवेगळा शोध घेणाऱ्या कोडला ती दोन्हीकडे सापडत नाही, आणि बाउंडरी फाइलचाच भाग म्हणून साठवली जाते. म्हणून चांगला पार्सर प्रत्येक तुकड्याच्या शेवटचे थोडे बाइट हातात राखून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडून पाहतो. ही शेपूट किती लांब ठेवायची आणि ती केव्हा सोडायची, एवढ्यावर आजवर बरेच बग निघाले आहेत.

मराठी मजकुरातला खास खड्डा

इंग्रजी पुस्तकांत हा मुद्दा फारसा येत नाही, कारण इंग्रजी मजकुरात तो दिसतच नाही. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षराला आणि काना-मात्रेला सुद्धा, तीन. ‘नाशिक’ या शब्दात न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. तुकडा यांच्या मध्ये कुठेही पडू शकतो. आलेल्या प्रत्येक तुकड्याचे लगेच स्ट्रिंगमध्ये रूपांतर करणारा कोड इंग्रजी फाइलवर वर्षानुवर्षे निर्धोक चालतो. मराठी सीएसव्ही आली की मधूनच चौकटी आणि प्रश्नचिन्हे दिसू लागतात, तीही दरवेळी वेगळ्या जागी. लोक फॉन्टला दोष देतात, एक्सेलला दोष देतात. खरे कारण असे की अक्षर अर्धे असतानाच त्याचा अर्थ लावला गेला. बाइट बाइट म्हणूनच जमवावेत, रूपांतर शेवटी करावे; किंवा अर्धे अक्षर राखून ठेवणारा डिकोडर वापरावा. नोडमध्ये ‘स्ट्रिंग डिकोडर’ नावाचे मोड्यूल मुळी त्यासाठीच आहे.

फाइलच्या नावाचीही अशीच कथा. नाव बाउंडरीखालच्या शीर्षकात येते, आणि ते कोणत्या लिपी-संकेतात आहे हे पहिल्या आरएफसीने नीट ठरवले नव्हते. ब्राउझर यूटीएफ-८ पाठवी आणि सर्व्हर ते लॅटिन-१ समजून वाची. मॅसिंटर यांनीच २० वर्षांनी, जुलै २०१५ मध्ये, आरएफसी ७५७८ लिहून ही बाजू बरीच सुधारली. तोवर आपल्याकडच्या किती अर्जांसोबत ‘उत्पन्नाचा दाखला’ या नावाऐवजी चिन्हांची रांग जमा झाली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आधी सगळे घ्या, मग पाहू

२००७ मध्ये कोरमंगलातल्या एका फ्लॅटमधून फ्लिपकार्ट सुरू झाले, त्या सुमाराला लहान-मध्यम संकेतस्थळांवर पीएचपीचे राज्य होते. पीएचपीचे अपलोडबाबतचे धोरण सरळ होते: तुमची स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच पीएचपी सगळा प्रवाह वाचते, बांध शोधते, फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवते आणि मग तुम्हाला तिचा पत्ता देते. एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी. प्रोग्रामरला प्रवाह दिसतच नाही. आज यावर नाके मुरडली जातात, पण लाखो लोकांना यामुळे चुकण्याची संधीच मिळाली नाही, हेही खरे.

जावात उलट परिस्थिती होती. सर्व्हलेटच्या मानकात मल्टिपार्टची सोय थेट डिसेंबर २००९ मध्ये, ३.० या आवृत्तीत आली. तोवर बहुतेकांचा आधार होता अपाचेची कॉमन्स फाइलअपलोड ही लायब्ररी. तिची चाल मधली: १० केबीपर्यंतची फाइल मेमरीत, त्याहून मोठी डिस्कवर. जँगोनेही २००८ च्या १.० आवृत्तीत हीच पद्धत घेतली, फक्त मर्यादा २.५ एमबीची.

या सगळ्यांत एक गृहीतक होते: एका अपलोडमागे सर्व्हरची एक प्रोसेस किंवा थ्रेड अडकून राहणार. अपलोड जलद असेल तोवर ठीक. पण ५ एमबीची फाइल ६४ केबीपीएसच्या जोडणीवरून आली तर तिला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ती थ्रेड जवळजवळ रिकामी, नुसती वाट पाहत बसते. असे शंभर ग्राहक आले की सर्व्हर काहीही काम न करता भरून जातो.

रायन डाल यांना नोडची कल्पना सुचली ती फ्लिकरवरची अपलोडची प्रगती-पट्टी पाहून. फाइल किती चढली हे तेव्हा ब्राउझरला स्वतःला कळत नसे. ते सर्व्हरला विचारावे लागे. आणि वाचण्यात अडकलेला सर्व्हर उत्तर देणार कसे? पीएचपीत तर स्क्रिप्ट सुरूच झालेली नसे. तिथे ही सोय २०१२ च्या ५.४ आवृत्तीत आली. डाल यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये नोड दाखवले, तेव्हा मांडणी उलटी केली होती. आपण प्रवाहापाशी थांबून ‘दे’ म्हणायचे नाही. तुकडा आला की त्याने आपल्याला हाक मारायची. एकच थ्रेड हजारो मंद अपलोड सांभाळू शकते.

यातून नवा प्रश्न निघाला. नेटवर्क वेगाने देते आहे आणि डिस्क हळू लिहिते आहे, तर मधले बाइट मेमरीत साचत जातात. टाकीत येणारा पाइप जाड आणि जाणारा बारीक. याला बॅकप्रेशर म्हणतात. आपण सॉकेटमधून वाचणे थांबवले की कर्नलचा बफर भरतो, टीसीपी पलीकडच्याला ‘माझी खिडकी शून्य’ असे कळवतो आणि पाठवणारा आपोआप थांबतो. म्हणजे ‘जरा दम धर’ म्हणण्याची सोय १९८१ च्या टीसीपीतच होती. ‘पाइप’ ही सोय वापरली तर नोड हे आपल्यासाठी करते. ‘डेटा’ घटनेवर प्रत्येक तुकडा ॲरेमध्ये ढकलत बसलो तर आपण ती सोय स्वतःच्या हाताने बंद करतो.

टेंभली ते बेंगळुरू

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी कार्यक्रमाला हजर होते. त्या दिवसाचे फोटो सर्वांनी पाहिलेले असतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते फोटोत दिसत नाही: अशा गावात घेतलेला डेटा बेंगळुरूच्या डेटा सेंटरपर्यंत न्यायचा कसा?

एका नोंदणीत माणसाचा फोटो, दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांची चित्रे आणि नाव-पत्ता. सगळे मिळून साधारण ५ एमबी. वर काढलेले दहा मिनिटांचे गणित आठवा, आणि तेही जोडणी न तुटता. नोंदणी ऐन भरात असताना देशभरात दिवसाला दहा लाखांहून अधिक नोंदी होत होत्या, म्हणजे रोजचे सुमारे ५ टीबी. हे सगळे वेब फॉर्ममधून ‘सबमिट’ दाबून चढवायचे ठरवले असते, तर टेंभलीतच गाडे अडले असते. मल्टिपार्टची मोठी उणीव अशी की त्यात मधून पुढे चालू करता येत नाही. ९० टक्के चढल्यावर जोडणी तुटली, तर पुन्हा पहिल्या बाइटपासून.

आधारच्या रचनाकारांनी नोंदणी आणि अपलोड यांची फारकत केली. नोंदणीचा प्रोग्राम लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चाले. नोंद पूर्ण झाली की प्राधिकरणाच्या सार्वजनिक किल्लीने ती तिथेच कूटबद्ध होई आणि तिचे एक बंद पाकीट बने. नागरिकाच्या हातात पावती पडे: १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि पुढे तारीख-वेळेचे १४ अंक. पाकिटे नंतर, जिथे बरी जोडणी मिळेल तिथून, एसएफटीपीने चढवली जात. जिथे तेही शक्य नव्हते तिथून ती डिस्कवर भरून पाठवण्याचीही सोय होती.

एसएफटीपीचे नाव एफटीपीसारखे असले तरी घराणे वेगळे. त्यात प्रत्येक लिहिण्याच्या विनंतीसोबत ‘फाइलमध्ये अमुक बाइटपासून पुढे’ हे स्थान असते आणि सर्व्हर प्रत्येक विनंतीला होकार किंवा नकार कळवतो. म्हणून जोडणी तुटली तर सर्व्हरवर किती उतरले आहे ते पाहून तिथून पुढे सुरू करता येते. इथे फाइलचा शेवट जोडणी बंद होण्यावरही नाही आणि बांधावरही नाही. किती पोचले याचा हिशेब दोन्ही बाजूंना सतत माहीत असतो.

बेंगळुरूत पाकीट उतरल्यावर त्यावरचे काम लगेच होत नसे. ते रांगेत जाई आणि एकेक टप्पा पार करी: ते धड आहे का हे तपासणे, उघडणे, मजकूर तपासणे, आधीच्या सर्व नोंदींशी बायोमेट्रिक ताडून पाहणे. स्वीकारणे आणि प्रक्रिया करणे ही दोन कामे वेगळी ठेवली की अपलोडच्या लोंढ्याने बाकीचे काम बुडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये आधार क्रमांकांची संख्या १०० कोटींवर गेली. पाकीट ५ एमबीचे धरले तर १०० कोटींचे ५ पेटाबाइट.

आधारच्या कायदेशीर आणि सामाजिक बाजूंवर पुष्कळ वाद झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल त्यासाठी मुळातून वाचावा. इथे एवढेच पाहायचे आहे की अर्धे पोचलेले पाकीट पूर्ण मानले गेले असते, तर त्याची किंमत सर्व्हरने मोजली नसती. शेतमजुराला एका दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा केंद्रावर यावे लागले असते, आणि हातात पावती असताना नोंद का नाही, हे त्याला कुणी सांगू शकले नसते. ‘मिळाले’ असा २०० चा प्रतिसाद तुम्ही कोणत्या क्षणी पाठवता हे म्हणूनच कोडमधले फार मोठे विधान असते. बाइट मेमरीत आले तेव्हा? डिस्कवर लिहिले तेव्हा? चेकसम जुळल्यावर? पलीकडचा माणूस तुमच्या त्या प्रतिसादावर विसंबून स्वतःकडची प्रत पुसून टाकणार असतो.

वाचणारा कोडच दरवाजा ठरतो तेव्हा

फेब्रुवारी २०१४ मध्ये कॉमन्स फाइलअपलोडमधली एक त्रुटी जाहीर झाली, क्रमांक सीव्हीई-२०१४-००५०. माइमच्या मानकानुसार बाउंडरी ७० अक्षरांपेक्षा लांब नसावी. लायब्ररीने ते तपासलेच नव्हते. तिचा बफर ४,०९६ बाइटचा; कुणी मुद्दाम त्याच्याइतकीच लांब बाउंडरी जाहीर केली, तर राखून ठेवायची शेपूट बफरएवढी होई, पुढे वाचायला जागाच उरत नसे आणि लूप कधीच थांबत नसे. अशा थोड्या विनंत्या आल्या की सर्व्हरचा सीपीयू शंभर टक्क्यांवर. टॉमकॅटच्या ७ आणि ८ या आवृत्त्यांतही हाच कोड असल्याने जगभर धावपळ झाली. बांध ओळखण्याच्या कामातली शेपूट वर पाहिली, ती हीच.

२०१७ ची गोष्ट याहून गंभीर. स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधला मल्टिपार्ट पार्सर, कंटेंट-टाइप हे शीर्षक चुकीचे आले तर त्रुटीचा संदेश तयार करी, आणि त्यात ते शीर्षकच जसेच्या तसे घाली. पुढे हा संदेश अशा यंत्रणेतून जाई जी त्यातली सूत्रे चालवून पाही. म्हणजे शीर्षकात लिहून पाठवलेली आज्ञा सर्व्हरवर चालत असे. ७ मार्चला दुरुस्ती आली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीने आपल्या तक्रार पोर्टलवर ती वेळेत बसवली नाही. ग्राहकांनी कागदपत्रे अपलोड करायची तीच ती जागा. मे महिन्यात घुसखोर आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. फाइलचा एक बाइटही न वाचता हे झाले, नुसत्या शीर्षकावर. फाइलचा आकार आणि प्रकार तपासला की अपलोड सुरक्षित झाले, असे सांगणाऱ्या ट्युटोरियलमध्ये याचा उल्लेख सापडत नाही.

कुठे संपते यावरचा मतभेदही शस्त्र होऊ शकतो. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने लांबी आधी न सांगता तुकड्या-तुकड्यांनी पाठवायची सोय दिली. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी, आणि शून्य लांबीचा तुकडा म्हणजे शेवट. आता एकाच विनंतीत एकूण लांबीही लिहिली आणि तुकड्यांची पद्धतही, तर काय? पुढचा प्रॉक्सी एक मानतो आणि मागचा सर्व्हर दुसरे, आणि मधे उरलेले बाइट दुसऱ्याच कुणाच्या विनंतीची सुरुवात समजले जातात. २००५ मध्ये वॉचफायरच्या संशोधकांनी याला ‘रिक्वेस्ट स्मगलिंग’ हे नाव दिले.

सर्व्हर वाचणेच सोडतो

गेल्या दशकात कल असा की आपल्या सर्व्हर कोडने फाइल वाचूच नये. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१० मध्ये एस३ वर मोठी फाइल सुट्या भागांत चढवण्याची सोय दिली: प्रत्येक भागाला क्रमांक, प्रत्येकाची वेगळी पोच, आणि शेवटी ‘आता जोडा’ अशी स्पष्ट आज्ञा. फाइलचा शेवट आता पाठवणारा शब्दांत सांगतो. आपला सर्व्हर फक्त ठरावीक मुदतीचा सही केलेला पत्ता देतो, आणि मोबाइल थेट साठ्यात चढवतो. आज कुठल्याही स्टार्टअपमध्ये तुम्हाला बहुधा हीच रचना दिसेल. त्यामुळे प्रवाह वाचायला शिकण्याची गरज संपली असे कुणी म्हणाले, तर साठ्याच्या त्या सेवेत सॉकेटवर ‘रीड’ची लूप कोण चालवते, हे विचारा.

करून पाहण्यासाठी

एका मजकूर फाइलमध्ये ‘नाशिक’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये साठवा. सॉकेटवरून ती पाठवा आणि सर्व्हरवर एका वेळी जास्तीत जास्त ४ बाइट वाचा. प्रत्येक तुकड्याचे लगेच स्ट्रिंगमध्ये रूपांतर करून छापा आणि कोणती चिन्हे शाबूत राहिली ते आधी कागदावर काढून मग पडद्यावर पाहा. त्यानंतर पाठवणारा प्रोग्राम ११ बाइट पाठवून मुद्दाम बंद करा. तुमचा सर्व्हर फाइल पूर्ण मिळाली असे सांगतो का, आणि कशाच्या आधारावर, ते प्रयोगवहीत लिहा.